रेंज तर फुल आहे!

घरातली एखादी वस्तू बिघडली की पुरुषमंडळी पहिल्याप्रथम कोणते काम करीत असतील, तर ती वस्तू बिघडलेली नाही हे सिद्ध करण्याचे. पंखा फिरत नसला तर "लाइट तर आहे" म्हणतात. नळाला पाणी नसले तर "टाकी तर भरलेली आहे" म्हणतात. त्या रात्री साडेआठपासून पावणेबारापर्यंत आमच्या घरात जे वाक्य निदान वीस वेळा उच्चारले गेले, ते "रेंज तर फुल आहे!" हे होय. उच्चारणारे अर्थातच आमचे हे. हातात फोन, चष्मा कपाळावर, आणि चेहऱ्यावर असा भाव की, टॉवरच्या चारही काड्या दिसत असताना बायको काळजी कसली करते!

गोष्ट २०२५ च्या जून महिन्यातली. पुण्यात त्या संध्याकाळी वादळी पाऊस झाला आणि आमच्या गल्लीतल्या गुलमोहराची एक फांदी मोडून पडली. पडता पडता तिने झाडाझाडांवरून ओढत आणलेली इंटरनेटची केबल बरोबर घेतली. भिंतीवरच्या डबीतला हिरवा दिवा जाऊन तिथे तांबडा लुकलुकू लागला. कंपनीला फोन केला, तेव्हा तक्रार नोंदवली असून दोन दिवसांत माणूस येईल, असे अतिशय गोड आवाजात कळले. एरवी मी म्हटले असते, बरे झाले, दोन दिवस घरातली माणसे एकमेकांशी बोलतील तरी. पण त्या रात्री मला बारा वाजायच्या आत संगणकावरून एक काम करायचेच होते. आणि ते काम माझ्याच चुकीने निर्माण झाले होते.

मी महाविद्यालयात मराठी शिकवते. तृतीय वर्षाच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील मार्च महिन्यात इस्पितळात होते. प्रकल्प आठ दिवस उशिरा देण्याची परवानगी तिने माझ्याकडून घेतली होती, आणि बरोबर आठव्या दिवशी तो आणूनही दिला होता. वीसपैकी सतरा गुण मी त्यावर लाल शाईने घातले. गुणांच्या तक्त्यात मात्र तिच्या नावापुढे आधी लिहून ठेवलेले 'गैरहजर' तसेच राहिले. तो तक्ता मी पाठवूनही दिला. संध्याकाळी सात वाजता प्रकल्पांचे गठ्ठे आवरताना ती वही हाती आली आणि माझ्या पोटात धस्स झाले. अंतर्गत गुणांत गैरहजर म्हणजे निकाल अडकला. निकाल अडकला म्हणजे बी.एड.चा प्रवेश गेला. दुरुस्तीची मुदत त्याच रात्री बाराला संपत होती, आणि एक आकडा बदलायचा तरी संपूर्ण तक्ता नव्याने चढवावा लागतो. तक्ता घरच्या संगणकात. "फोनवरून कर ना, आई," असे धाकटी म्हणाली. तेही करून पाहिले. पण ते संकेतस्थळ ज्याने बांधले त्याने फोन नावाची वस्तू पाहिली नसावी. तक्ता चढवण्याचे बटण पडद्याबाहेर कुठेतरी उजवीकडे राहिले होते आणि बोट कितीही सरकवले तरी हाती लागत नव्हते.

तेव्हा एकच मार्ग उरला. फोनमधले इंटरनेट संगणकाला द्यायचे. म्हणजे फोनला मोडेम करायचे.

मोडेम हा शब्द आता तरुण मंडळींच्या कानांवरून जात नाही. तो 'मॉड्युलेटर' आणि 'डिमॉड्युलेटर' या दोन शब्दांची डोकी तोडून केलेला आहे. संगणकाचे शून्य आणि एक हे तारेतून जाण्याजोग्या आवाजात बदलायचे आणि पलीकडे पुन्हा त्याचे शून्य-एक करायचे, हे त्याचे काम. भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले तेव्हा घरोघर याच डब्या लागल्या, आणि त्यांचे ते किर्र-खर्र-टुंई माझ्या पिढीच्या कानात अजून आहे.

फोनलाच मोडेम करण्याचा उद्योगही मला नवा नव्हता. २००७ साली मी नवी नवी नोकरीला लागले होते आणि खोलीवर दूरध्वनी नव्हता. नोकियाचा फोन ब्लूटूथने संगणकाला जोडायचा आणि संगणकाला सांगायचे की *९९# हा नंबर फिरव. पलीकडे कोणी उचलणारा माणूस नसे; तो नंबर म्हणजे मोबाइल कंपनीच्या यंत्राला 'मला इंटरनेट द्या' अशी घातलेली हाक. हाकेला ओ मिळाली तर ठीक. नाहीतर पडद्यावर आकडा येई. ६७८ म्हणजे पलीकडून उत्तर नाही. ६९२ म्हणजे मोडेममध्येच बिघाड, आणि तो बहुधा फोन बंद करून चालू केल्यावर बरा होई. कधी फोनच्या मोडेमला 'एटी' या अक्षरांनी सुरू होणारी लांबलचक आज्ञा लिहून द्यावी लागे. हेज नावाच्या कंपनीने १९८१ साली आपल्या मोडेमसाठी काढलेली ही भाषा. एटी म्हणजे 'अटेन्शन', 'सावधान'! ती आज्ञा मी एका वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवली होती आणि मंत्रासारखी एकही अक्षर न चुकवता टंकित असे. आताच्या फोनमध्ये या सगळ्याऐवजी एक बटण सरकवायचे असते. परंतु काम सोपे झाले म्हणजे दोष कमी झाले असे नव्हे. ते फक्त दिसेनासे झाले.

पहिला दोष वायरीत निघाला. आमच्या संगणकाला वाय-फाय नाही. तो बारा-तेरा वर्षांचा खोका आहे आणि त्याला वायरच लागते. ह्यांनी चार्जिंगची वायर फोनला लावली, दुसरे टोक संगणकाला लावले. फोन चार्ज होऊ लागला. सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' असे जे लिहिलेले असते, ते मात्र फिकटच राहिले. दाबले तरी दबेना. फोन बंद करून चालू केला. संगणक बंद करून चालू केला. "रेंज तर फुल आहे," हे म्हणाले. पाऊण तास असा गेल्यावर धाकटी आतून आली, तिने वायर हातात घेतली आणि विचारले, "ही पॉवर बँकेबरोबर आलेली ना?"

यूएसबीच्या साध्या वायरीत चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन माहिती नेण्याच्या. स्वस्तातल्या पुष्कळ वायरींत माहितीच्या दोन तारा घालतच नाहीत. बाहेरून दोघी जुळ्या बहिणी. फोन चार्ज होतो म्हणून आपल्याला वाटते वायर चांगली आहे. दुसरी वायर धाकटीने तिच्या फोनच्या खोक्यातून काढून दिली आणि ते फिकट अक्षर क्षणात ठळक झाले. त्या अक्षराचा असा काळेभोरपणा पाहून मला एखाद्या विद्यार्थ्याचे शुद्धलेखन सुधारल्यासारखा आनंद झाला.

तो दहा मिनिटेच टिकला. इंटरनेट आले, मी चष्मा पुसून बसते तोच सारे पुन्हा मंदावले. मग उलगडा झाला तो असा. फोनला रोजचा दोन जीबीचा शिधा. त्यातला बराचसा चिरंजीवांनी दुपारी सिनेमा पाहून संपवला होता. उरलेला संगणकाने गिळला. कारण वायरीने जोडलेल्या फोनला तो घरचे अमर्याद इंटरनेटच समजतो, आणि समजल्याबरोबर विंडोजच्या साठून राहिलेल्या सुधारणा उतरवून घ्यायला बसतो. उपाशी पाहुणा पंगतीला आधी बसावा आणि घरच्यांना पातेले खरवडायला उरावे, तसे झाले. शिधा संपला की वेग उतरतो सेकंदाला ६४ किलोबिटवर. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आम्ही ५६ किलोबिटच्या मोडेमवर किती रुबाबात वावरत होतो! पण तेव्हाची पाने हलकी होती. आताचे तीन मेगाबाइटचे एक पान त्या वेगाने यायला सहा मिनिटांहून अधिक लागतात, आणि तेवढ्यात समोरचे संकेतस्थळ कंटाळून आपल्याला बाहेर काढते.

उपाय सोपा आहे, फक्त आधी करायचा असतो. विंडोजच्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये त्या जोडणीच्या नावावर जाऊन तिला 'मीटर्ड' असे ठरवून द्यावे, म्हणजे मीटर पडतो आहे हे संगणकाला कळते आणि तो हावरटपणा आवरतो. आम्ही ते केले, एका जीबीचे वेगळे रिचार्ज मारले, आणि दहा वाजून पाच मिनिटांनी ते दुर्लभ संकेतस्थळ उघडले. नाव घातले. परवलीचा शब्द घातला. आणि लाइट गेले.

आमच्या यूपीएसचे निधन दोन वर्षांपूर्वीच झाले असून तो सध्या टेबलाखालची जागा अडवण्यापुरता उरला आहे. अंधारात मी त्या मुलीचा विचार करीत बसले. ती त्या वेळी निजलीही असेल. आपल्या नावापुढे काय लिहिले गेले आहे याची तिला कल्पना नव्हती, आणि मला तिला ती कधीच होऊ द्यायची नव्हती. सासूबाई मेणबत्ती घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पूर्वी वहीत खोडून लिहिता येत होते ते बरे होते." त्यांच्या या मताशी मी एरवी वाद घातला असता.

दहा चाळीसला लाइट आले. संगणक सुरू होताना काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आले, शेवटी एफ १ दाबा असे होते, ते ह्यांनी दाबले. लाइट गेल्यामुळे फोनकडचे टेदरिंगही सुटले होते. ते पुन्हा चालू करावे लागते, हे आता आम्हाला ठाऊक झाले होते. जोडणी झाली. पण संकेतस्थळ उघडेना. ते उघडेना, दुसरे उघडेना, कोणतेच उघडेना. प्रत्येक ठिकाणी तांबडे चिन्ह आणि इशारा. पंधरा मिनिटे आम्ही तीच पाने पुन्हा पुन्हा उघडत होतो. बंद दारावर तीच थाप सारखी मारल्याने आतला माणूस निराळा निघेल अशी काही आशा असते कोण जाणे. "रेंज तर फुल आहे," हे म्हणाले. पण आता आवाजात पूर्वीचा जोर नव्हता.

काड्यांबद्दल एवढे सांगून ठेवते. त्या काड्या टॉवरचा आवाज आपल्यापर्यंत किती मोठा येतो तेवढेच सांगतात. त्या टॉवरवर आणखी किती जण एकाच वेळी बोलत आहेत, किंवा त्याच्या पुढचा रस्ता मोकळा आहे का, ते त्या सांगत नाहीत. बाजारातला गलका आपल्याला स्पष्ट ऐकू येतो म्हणून आपले कोणी ऐकते आहे असे होत नाही.

अकराला मी तळमजल्यावरच्या काकांचे दार वाजवले. काका टेलिफोन खात्यात लाइनवर नोकरी करून निवृत्त झाले. विंडोजमधले त्यांना काही कळत नाही, असे ते स्वतःच सांगतात. पण अर्ध्या पेठेच्या तारा त्यांनी खांबावर चढून जोडलेल्या आहेत. ते बनियनवर शाल घेऊन वर आले, खुर्चीवर बसले, संगणकाकडे पाहिलेच नाही आणि म्हणाले, "प्राध्यापकीणबाई, लाइन कुठून कुठे जाते ते आधी सांगा."

मी सांगितले. टॉवरपासून फोन, फोनपासून वायरीने संगणक, संगणकातून संकेतस्थळ.

"मग मधोमध जाऊन ऐकायचे. टोन आला तर दोष पुढे, नाही आला तर दोष मागे. सगळ्या लाइनला एकदम हात लावायचा नाही."

मधोमध म्हणजे फोन. फोनवर एक बातमीचे पान उघडून पाहिले, झटकन आले. टॉवरपासून फोनपर्यंतची लाइन साफ. "आता फोनपासून यंत्रापर्यंत," काका म्हणाले. ह्यांनी काळी चौकट उघडून 'आयपीकॉन्फिग' असे टंकले. १९२.१६८.४२ ने सुरू होणारा पत्ता दिसला; फोनने संगणकाला घर-नंबर दिलेला होता. तिथे १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा असता, तर नंबर देणारा कोणी भेटला नाही म्हणून संगणकाने मनानेच एक लावून घेतला, असा अर्थ झाला असता आणि दोष वायरीत किंवा टेदरिंगमध्ये शोधावा लागला असता. पुढे 'पिंग' केले. म्हणजे लांबच्या यंत्राला हाक मारायची आणि ओ यायला किती वेळ लागतो ते पाहायचे. ८.८.८.८ हा गूगलचा पत्ता. त्याने ओ दिली. मग आकड्याऐवजी नाव घालून हाक मारली, त्यालाही ओ आली. म्हणजे नावावरून नंबर काढून देणारी डिरेक्टरीसुद्धा जागी होती.

"लाइन क्लिअर आहे," काका म्हणाले. "दोष तुमच्या इन्स्ट्रुमेंटमध्ये. दहा वाजता चालत होते ना? मग दहानंतर काय बदलले?"

"लाइट गेले," मी म्हटले.

"आणि ते तांबडे काय म्हणते आहे?"

इथे मला खोटे बोलवत नाही. ते तांबडे काय म्हणते आहे हे आमच्यापैकी एकानेही वाचले नव्हते. गेली कित्येक वर्षे परीक्षेच्या दालनात उभी राहून मी मुलांना सांगत आले आहे की, प्रश्न नीट वाचा, मग लिहा. आणि तिथे स्वच्छ इंग्रजीत लिहिले होते: तुमचे घड्याळ मागे आहे.

उजव्या कोपऱ्यात पाहिले. आमचा संगणक १ जानेवारी २०१२ मध्ये सुखाने नांदत होता.

झाले होते असे. संगणकाच्या पोटात चपट्या नाण्याएवढा एक सेल असतो. लाइट नसताना घड्याळ चालू ठेवायचे काम त्याचे. तो कधीचाच मेला होता. पण संगणकाचे बटण आम्ही भिंतीवरून सहसा बंद करीत नसल्यामुळे घड्याळ मुख्य विजेवरच चालत राहिले आणि मेलेल्या सेलची दाद लागली नाही. लाइट गेले आणि घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर जाऊन पडले. काळ्या पडद्यावरच्या त्या इंग्रजीत बहुधा तेच सांगितले असणार, ज्यावर आम्ही एफ १ दाबून मोकळे झालो. आता, प्रत्येक विश्वासू संकेतस्थळ आपली ओळख म्हणून एक प्रमाणपत्र दाखवते आणि त्यावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत असे लिहिलेले असते. २०१२ सालात बसलेल्या संगणकाला २०२५ चे प्रमाणपत्र दाखवले, तर तो म्हणणारच की, हे अजून सुरूच झालेले नाही, माणूस लबाड दिसतो. त्याचे चुकले नव्हते. सासूबाईंचा एक दूरचा चुलतभाऊ घरातल्या कोणत्याही नव्या सुनेला असाच ओळखत नसे.

तारीख बदलली. संकेतस्थळ उघडले. तक्ता चढवताना फोन चांगलाच तापला होता, म्हणून धाकटीने तो खिडकीच्या कट्ट्यावर, पावसाच्या गार हवेत धरला. तिथे तो जरा जलदही चालला, कारण भिंतींमधून मोबाइलच्या लहरींचा बराच जोर जातो. अकरा एक्केचाळीसला 'स्वीकारले' असे आले. मी तिच्या ओळीवर बोट ठेवून सतरा हा आकडा तीनदा वाचला. काकांना चहा केला. ते म्हणाले, साखर नको.

ज्यांच्याकडे वायरीची भानगड नाही, हॉटस्पॉटवर काम चालते, त्यांचे दुखणे निराळे असते. नाशिकला माझ्या भावाच्या लॅपटॉपला त्याचा नवा फोन दिसतच नव्हता; शेजारच्या चार घरांची वाय-फाय दिसत, हातातल्या फोनची नाही. फोन पाच गिगाहर्ट्झवर बोलत होता आणि जुन्या लॅपटॉपला फक्त २.४ समजत होते. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड २.४ केल्यावर दोघांची भाषा जुळली. अँड्रॉइडवर डेटा सेव्हर चालू असला तर हॉटस्पॉट लागत नाही, हेही बचतीच्या हौसेत पुष्कळजण विसरतात. आणि थोडा वेळ कोणी जोडलेले नसले तर पुष्कळ फोन हॉटस्पॉट आपोआप बंद करतात. तो बिघाड नव्हे, काटकसर आहे.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी पेठेतून पन्नास रुपयांचा सेल आणून बसवला. केबलवाला तिसऱ्या दिवशी आला, आणि ती गुलमोहराच्याच वरच्या फांदीवरून ओढून गेला. ती मुलगी ऑगस्टमध्ये पेढे घेऊन आली, बी.एड.ला प्रवेश मिळाला होता. माझ्या हातून काय झाले होते ते तिला सांगावे असे ओठांवर आले, पण ती वडिलांच्या तब्येतीबद्दल बोलत होती, आणि मी पेढा तोंडात घातला.

त्या निकामी वायरीला धाकटीने लाल दोरा बांधला आहे, म्हणजे पुन्हा घोटाळा नको. फेकून द्यायला मात्र हे तयार नाहीत. "चार्जिंग तर होते ना?" म्हणतात.